पाहुणा अंधारातच बरा

गॉर्टच्या पाठीवर नाड्या आहेत. कधी पाठीवर, कधी पोटावर. १९५१ सालच्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मधल्या या यंत्रमानवासाठी फोम रबराचे दोन पोशाख केले होते, एकाच्या नाड्या मागे आणि दुसऱ्याच्या पुढे. गॉर्ट कॅमेऱ्याकडे चालत येणार असला की पहिला चढवायचा, पाठ फिरवून जाणार असला की दुसरा. आत होता लॉक मार्टिन, साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा, ग्रॉमन्स चायनीज थिएटरचा दरवान. पोशाख इतका जड आणि गरम की एका वेळी अर्ध्या तासापलीकडे त्याला त्यात ठेवत नसत. नायिका पेट्रिशिया नीलला उचलून नेण्याचं दृश्य त्याच्या हातांना झेपेना, तेव्हा तारांचा आणि हलक्या बाहुलीचा आधार घ्यावा लागला.

हे सगळं पाठ असलेला माणूससुद्धा गॉर्टच्या डोळ्यांवरची झडप वर सरकायला लागली की गप्प होतो. गोव्यातल्या माणसाला याचं नवल वाटू नये. पेडण्याच्या बाजूला दशावतारी काल्यात काळ्या टोपड्यातून लाल जीभ लोंबवत संकासुर येतो. आतला माणूस कोण, सकाळी तो कुठल्या दुकानात बसतो, हे पुढे बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी पोर आईला बिलगतंच.

परग्रहावरच्या पाहुण्यांचे जुने चित्रपट अजून बघवतात ते याच समजुतीवर: तुम्ही थोडं झाका, उरलेलं आम्ही भरून घेतो. ही समजूत आजकाल मोडते ती बहुतेक घरातल्या टीव्हीच्या सेटिंगपायी. म्हणून या लेखात चित्रपट किती थोर हे कमी, आणि ते कसे बनले नि कसे दाखवावेत हे जास्त.

त्याच चित्रपटातली उडती तबकडी घ्या. गुळगुळीत चंदेरी पत्रा, कुठे सांधा दिसत नाही, आणि एकाएकी त्यातून दार उघडतं. युक्ती सुताराला कळेल अशीच आहे. दाराच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून चंदेरी रंग दिला. दार सरकलं की लांबी फाटते आणि सपाट पत्र्यातून फट जन्मल्यासारखी दिसते. त्याच वर्षीच्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ने तर तबकडी दाखवण्याचा खर्चच वाचवला. बर्फाखाली नुसती काळपट सावली. तिचा आकार कळावा म्हणून माणसं तिच्या कडेकडेने हात पसरून उभी राहतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आपण गोल करून उभे आहोत. त्या एका रिंगणाची सर पुढच्या कितीतरी महागड्या तबकड्यांना आलेली नाही.

आता आवाज. संगीतकार बर्नार्ड हरमनने ‘अर्थ स्टूड स्टिल’च्या संगीतात दोन थेरेमिन वापरले, जोडीला विजेवरचं व्हायोलिन, चेलो, बास, ऑर्गन आणि भरपूर पितळी वाद्यं. थेरेमिनला हात लावायचा नसतो. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारे भाग, असतात, दोन्ही ऐकू येणार नाही इतक्या उंच वारंवारतेवर चालणारे. उभ्या दांड्याजवळ हात नेला की एकाची वारंवारता किंचित बदलते. दोघांमधला फरक तो आपल्याला ऐकू येणारा सूर. आडव्या कडीजवळचा दुसरा हात आवाज लहानमोठा करतो. याला पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं तर मींड घेतच जावं लागतं. अमेरिकन कानाला तेव्हा ते अमानवी वाटलं. मैफली ऐकून तयार झालेला आपल्याकडचा कान त्यात आधी मींड ओळखतो, मग दचकतो, कारण ही मींड घेणारा गळा कुठे सापडत नाही. लेव्ह थेरेमिनने हे वाद्य १९२०च्या सुमारास बनवलं. म्हणजे ‘भविष्याचा आवाज’ तेव्हाच तिशीत होता.

१९५३च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची गोष्ट वेगळी, तो रंगीत आहे आणि त्याला बरंच काही उघड दाखवायचं आहे. मंगळाची यंत्रं तांब्याची, ४२ इंच रुंद, अशी तीन. प्रत्येक १५ बारीक तारांवर टांगलेलं. मूळ बेत विजेच्या ठिणग्यांचे तीन पाय दाखवायचा होता. आग लागण्याच्या भीतीने तो सोडला, सुरुवातीच्या दृश्यात मात्र त्याची झलक राहिली आहे. जाळणारा किरण म्हणजे वितळणारी वेल्डिंगची तार, मागून ब्लोटॉर्चच्या झोताने पुढे उडवलेली. त्याचा आवाज तीन इलेक्ट्रिक गिटारींचा, उलटा वाजवलेला. स्पेशल इफेक्टचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

मग पुढच्या पिढ्या हसत का होत्या? तारा दिसत होत्या म्हणून. पण १९५३ साली थिएटरात त्या इतक्या दिसत नव्हत्या. टेक्निकलर प्रिंटवर रंग ठशासारखे एकावर एक चढवत, त्यात बारीक रेघ थोडी विरघळायची, आणि प्रकाशयोजना त्याच हिशेबाने केलेली होती. पुढे टीव्ही आणि डीव्हीडीसाठी जास्त उजळ, जास्त कोरीव प्रती निघाल्या, तेव्हा तारा बाहेर आल्या. अलीकडच्या ४के आवृत्तीत त्या संगणकाने पुसल्या आहेत. काही शुद्धतावादी त्यावर नाराज आहेत. माझ्या मते पुसल्या ते ठीक, कारण मूळ प्रेक्षकाला जे दिसत होतं त्याच्या जवळ आपण आलो.

तुमच्या घरी मात्र उलटं चालू असतं. नवा टीव्ही दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा अशा बेताने लावलेला येतो. ‘व्हिव्हिड’ मोड आधी काढा आणि ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा. ब्राइटनेस वाढवला की काळा करडा होतो, आणि त्या करड्यात झिपा, नाड्या, तारा सगळं उघडं पडतं. दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय. तिला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, पण मेनूत ‘मोशन’ हा शब्द बहुधा कुठेतरी असतो. ती पूर्ण बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून घालतो, आणि गॉर्टचं रबरी ढोपर एखाद्या मालिकेतल्या सुनेइतकं स्पष्ट हलताना दिसतं. रे हॅरीहाउसेनच्या १९५६च्या ‘अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स’मध्ये तर हे पापच आहे. त्यात तबकड्याच नव्हे, कोसळणाऱ्या इमारतींचे तुकडेसुद्धा एकेक चौकट हलवून टिपले आहेत. त्या झटक्यांतच जीव आहे. मधली जागा भरली की तो गेला.

तिसरी चूक सगळ्यात सर्रास. ५३च्या आधीचे हे चित्रपट जवळजवळ चौकोनी असतात, १.३७:१. कोणाला बाजूच्या काळ्या पट्ट्या बघवत नाहीत, म्हणून चित्र ताणलं जातं आणि सडसडीत मायकल रेनी, म्हणजे पाहुणा क्लाटू, शिगम्यातल्या ढोलवाल्यासारखा रुंद होतो. चित्र ‘ओरिजिनल’वर ठेवा. पट्ट्या दोन मिनिटांत विसरायला होतात.

‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ला, १९५६, यातल्या कशाचीच फारशी भीती नाही. त्यात रबरी राक्षसच नाही. शेंगा आहेत, आणि शेंगांतून निघालेली, आपल्यासारखीच दिसणारी माणसं. दिग्दर्शक डॉन सिगेलला शेवट रस्त्यावर ओरडणाऱ्या नायकावर, केव्हिन मॅकार्थीवर, करायचा होता. स्टुडिओने घाबरून पुढेमागे दवाखान्यातली दृश्यं जोडली, म्हणजे कोणीतरी ऐकून घेतंय असा दिलासा मिळावा. हा चित्रपट कम्युनिझमवर की कम्युनिस्ट-शिकारीवर, हा वाद अमेरिकेत अजून मिटलेला नाही. आपल्या गावात दाखवा, वेगळंच कळतं. ‘माणूस तोच, पण तो नव्हे’ हे वाक्य इथे परदेशातून परतलेल्या प्रत्येक दुसऱ्या मुलाबद्दल ऐकू येतं.

आणि मग १९७७. स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये हिंदुस्थानातलं दृश्य आहे: शेकडो माणसं बसून एकच धून गात आहेत, हा आवाज कुठून आला असं विचारल्यावर सगळे हात एकदम आभाळाकडे जातात. कथेत ते ठिकाण उत्तरेतलं. चित्रण झालं खालापूरजवळच्या हाळ गावात, मुंबईहून फार लांब नाही. जॉन विल्यम्सने शेकडो पर्यायांतून निवडलेली ती धून पाच सुरांची, आणि आपल्या भाषेत अगदी सोपी: रे, ग, सा, मग मंद्र सप्तकातला सा, आणि शेवटी मंद्र पंचम. पेटी असेल तर वाजवून बघा. पांढरी चार षड्ज धरला तर पांढरी पाच, सहा, चार, खालची चार, आणि मग तिच्या वरची पांढरी एक. शेवट पंचमावर असल्यामुळे धून मिटत नाही, उत्तराची वाट बघत राहते. षड्जावर संपवली असती तर ते निवेदन झालं असतं, प्रश्न राहिला नसता. फ्रान्स्वा त्रुफोने केलेला शास्त्रज्ञ हेच सूर हाताच्या खुणांनी दाखवतो. त्या खुणा हंगेरियन संगीतकार झोल्तान कोडायच्या नावाने ओळखल्या जातात, मुलांना सरगम शिकवायच्या.

त्याच वर्षी उलटा प्रवासही सुरू झाला. ऑगस्ट-सप्टेंबर १९७७मध्ये सुटलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी आहे, गाण्याची. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, मराठीतलाही. आणि फोंडा तालुक्यातल्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. चित्रपट आला नोव्हेंबरात. सूर्यमालेबाहेर निघालेल्या यानाला ‘कुठे निघालात’ असं विचारणारी ठुमरी मिळावी, हा योग कुठल्या पटकथाकाराने लिहिला असता तर कोणी खरा मानला नसता. गोव्यात तर फाटकाशी आलेल्या कोणाही अनोळखी माणसाला पहिला प्रश्न तोच असतो: खंय वता?

‘क्लोज एन्काउंटर्स’च्या तीन प्रती फिरतात. १९७७ची १३५ मिनिटांची, १९८०ची १३२ मिनिटांची, १९९८ची १३७ मिनिटांची. ८०च्या प्रतीत यानाचं पोट आतून दाखवलंय. स्पीलबर्गला पैसे हवे होते आणि स्टुडिओची तीच अट होती. त्याला पुढे पश्चात्ताप झाला, ९८मध्ये त्याने तो भाग काढून टाकला. घ्यायची तर शेवटची प्रत घ्या. आत काय आहे ते कळल्यावर दाराचा काय उपयोग?

यान येण्याआधी आभाळात जे ढग फुगतात ते काचेच्या टाकीत केलेले आहेत, स्पेशल इफेक्टवाल्या डग्लस ट्रंबुलच्या देखरेखीखाली. हा प्रयोग सुट्टीत मुलांना घेऊन घरी होतो. दोन फुटी माशांची टाकी घ्या. तळाला १० लिटर पाण्यात ३०० ते ३५० ग्रॅम मीठ विरघळवा. मिठागरातलं खडं मीठ स्वस्त, पण त्यात चिखल असतो. आदल्या रात्री विरघळवून, निवळू देऊन, फडक्यातून गाळून घ्या. त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद अलगद पसरा, आणि कागदावर वाटी-वाटीने १० लिटर साधं पाणी सोडा. मग कागद एका कोपऱ्यातून हळूच ओढून काढा. पांढरा पोस्टर रंग दुधाइतका पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजने वरच्या पाण्यात सोडा. रंग खाली जातो, जड खाऱ्या पाण्याला अडतो आणि तिथेच आडवा पसरून पावसाळी ढगासारखा फुगतो. मागे काळा कागद, बाजूने टॉर्च. पाणी घाईने ओतलं तर दोन्ही थर मिसळतात आणि ढग सरळ तळाला बसतो. रंग दाट राहिला तरी तेच. दोन्ही पाणी एकाच तपमानाचं हवं, नळाचं नि फ्रिजचं एकत्र करू नका.

आता अंगणात दाखवायचं असेल तर. घरच्यांपुरतं नसेल, वाचनालयात किंवा देवळाच्या मंडपात चार वाड्यांचे लोक येणार असतील, तर हक्कदाराची परवानगी आधी घ्या, तिकीट लावा न लावा. उघड्यावरचा स्पीकर रात्री दहाला बंद, त्यामुळे वेळ तिथून मागे मोजायची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो, सातला पुरेसा काळोख असतो. ‘अर्थ स्टूड स्टिल’ ९२ मिनिटं आणि ‘बॉडी स्नॅचर्स’ ८०, मध्ये चहा नसेल तर ९ वाजून ५२ मिनिटांनी संपतं. चहा असेल तर एकच दाखवा. मे महिन्यात सूर्यच सातला जातो, तेव्हाही एकच.

पडदा ८ बाय ६ फूट पुरे. साधी चादर नको, अर्धा उजेड मागे जातो. दुहेरी शिवा किंवा मागे काळा अस्तर लावा, आणि जीआय पाइपच्या चौकटीला दर फुटावर नाडी बांधा, नाहीतर संध्याकाळच्या वाऱ्यावर क्लाटू पोहायला लागतो. थिएटरच्या पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १६ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे चौरस फुटाला १६ लुमेन. ४८ चौरस फुटाला म्हणजे ७६८ लुमेन. प्रोजेक्टरच्या डब्यावर ३००० छापलंय म्हणून खूश होऊ नका. सिनेमा मोडमध्ये ते निम्म्यावर येतात, आणि चौकोनी चित्राला १६:९च्या पॅनेलचा पाऊण भागच मिळतो, म्हणजे हाती उरले साधारण ११००. काळोखात तेही भरपूर, पण रस्त्यावरचा दिवा पडद्यावर पडता कामा नये.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा यात सगळे फसतात. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर ८ ला १.५ ने गुणून १२ फुटांवर ठेवतात, आणि चित्र पडद्यापेक्षा लहान येतं. हिशेब पॅनेलच्या पूर्ण रुंदीवर करायचा. ६ फूट उंचीला १६:९ची रुंदी १० फूट ८ इंच, म्हणून प्रोजेक्टर १६ फुटांवर. उरलेले दोन्ही बाजूंचे १ फूट ४ इंच करडे चमकतात, तिथे काळं कापड सोडा. एवढ्या एका कापडाने चित्र दुप्पट गडद वाटतं. पाऊस सरल्यासरल्या झोतात किडे येतात आणि पडद्यावर फुकटच्या तबकड्या उडतात. घराच्या मागच्या बाजूला एक पांढरा दिवा लावून ठेवला तर बरेचसे तिकडे जातात. एसी गाडीतून आणलेल्या यंत्राच्या भिंगावर दव धरतं, अर्धा तास उघड्यावर ठेवून मगच चालू करा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस लावाच. तो चित्रपट पुरा करणार नाही, पण वीज गेल्यावर पंखा फिरून दिवा थंड होण्याइतका वेळ देतो.

आवाजाचा एक घोटाळा इतका विचित्र की लोक स्पीकर दुरुस्तीला नेतात. लॅपटॉपच्या ३.५ मिमी पिनेपासून भजनी मंडळाच्या मिक्सरला एकच जाड स्टिरिओ पिनेची वायर जोडली, तर गाणी बऱ्यापैकी वाजतात आणि जुना चित्रपट मुका होतो. कारण मिक्सरचं ते भोक बॅलन्स्ड असतं, दोन वाटांनी आलेल्या आवाजांची वजाबाकी करतं. जुने चित्रपट मोनो, दोन्ही वाटांवर तेच. वजाबाकी शून्य. लॅपटॉपकडे एक स्टिरिओ पिन आणि मिक्सरकडे दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वायर आणा, एकच पिन एका चॅनेलला लावा. स्पीकर एकच, पडद्याच्या अगदी खाली मध्यावर. साउंडबारचं ‘सराउंड’ बंद.

मराठी सबटायटल करत असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात. जुन्या प्लेअरवर जोडाक्षरं फुटतात, आधी ‘क्षणार्धात’ हा शब्द दाखवून बघा. एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीसच्या आत अक्षरं. आणि गॉर्टला थांबवणाऱ्या ‘क्लाटू बराडा निक्टो’ या शब्दांचं भाषांतर करू नका. चित्रपटाने ते मुद्दाम केलेलं नाही.

प्रत बरोबर वेगाची आहे का, हे बघायला पुन्हा पेटीच लागते. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींच्या, म्हणजे ९२ मिनिटांचा चित्रपट ८८ मिनिटांत संपतो, आणि सूर जवळजवळ पाऊण पट्टी वर चढतो. ‘क्लोज एन्काउंटर्स’ची पाच सुरांची धून लावा आणि नीट लावलेल्या पेटीवर शोधा. कुठल्या ना कुठल्या पट्टीत ती बसली तर प्रत चांगली. दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकून राहिली, तर प्रत बदला.